अर्जुनाने आधी अस्त्र मागे घेतले

अणुबॉम्ब आणि भारतीय तत्त्वज्ञान असा विषय निघाला की चर्चा हमखास ओपेनहायमरवर येऊन थांबते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला, आणि तो पाहताना गीतेतले विश्वरूपदर्शन आठवले, असे रॉबर्ट ओपेनहायमर यांनी पुढे सांगितले. बर्कलेला असताना आर्थर रायडर यांच्याकडे ते संस्कृत शिकले होते, त्यामुळे ही आठवण उसनी नव्हती. पण शस्त्र घडवणाऱ्याने महाभारत उघडायचेच, तर ते गीतेच्या पानावर उघडून भागत नाही. गीता युद्धाच्या उंबरठ्यावर, लढावे की नाही या प्रश्नापाशी उभी आहे. भयंकर अस्त्र कुणाच्या हाती असावे, ते कोणत्या मनाने सोडले जाते आणि सोडल्यावर परत घेता येते का, हे महाभारत विचारते ते युद्ध संपल्यावर, सौप्तिक पर्वात. संरक्षणव्यवस्था उभारणाऱ्या प्रत्येक देशापुढे आज हेच तीन प्रश्न आहेत. त्यांतल्या तिसऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

या पर्वात कृष्ण युधिष्ठिराला एक मागची हकिकत सांगतो. द्रोणांनी ब्रह्मशिर नावाचे अस्त्र आपल्या सर्वोत्तम शिष्याला, अर्जुनाला दिले होते. एकुलत्या एका मुलाला, अश्वत्थाम्याला, ते सहन झाले नाही. त्याने बापामागे लकडा लावला. मुलाचा चंचल स्वभाव द्रोण पुरता ओळखून होते. तरीही, मन राजी नसताना, त्यांनी ते अस्त्र त्याला दिले आणि बजावले की कितीही बाका प्रसंग आला तरी हे वापरायचे नाही, माणसांवर तर मुळीच नाही. एवढ्यावर न थांबता, तू सज्जनांच्या वाटेवर टिकणार नाहीस, असेही ते त्याला बोलले. देणाऱ्याला घेणाऱ्याची खात्री नव्हती आणि तरी अस्त्र दिले गेले. पुढच्या अनर्थाचे मूळ इथे आहे.

अस्त्र मिळाले, पण समाधान मिळाले नाही. पांडव वनवासात असताना अश्वत्थामा द्वारकेला गेला. यादवांनी त्याचा मानपान केला. एके दिवशी समुद्रकाठी कृष्ण एकटा असलेला पाहून तो हसत हसत म्हणाला की माझ्याकडचे अस्त्र तुम्ही घ्या आणि तुमचे चक्र मला द्या. कृष्णाने सांगितले, तुझे अस्त्र मला नको. धनुष्य, शक्ती, चक्र, गदा यांतले जे तुला उचलता येईल, पेलता येईल, ते घेऊन जा. अश्वत्थाम्याने डाव्या हाताने चक्र धरले. ते जागचे हलेना. मग उजवा हात लावला, सगळा जोर लावला, दमला, आणि शेवटी खिन्न होऊन बाजूला झाला.

तेव्हा कृष्णाने त्याला जो प्रश्न विचारला, तो या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. अर्जुनापेक्षा मला जवळचा कोणी नाही, त्याने हे चक्र कधी मागितले नाही. प्रद्युम्न माझा मुलगा, त्याने मागितले नाही. बलरामाने, गदाने, सांबाने मागितले नाही. तू हे घेऊन कुणाशी लढणार आहेस? अश्वत्थाम्याने उत्तर प्रामाणिकपणे दिले. तुमची पूजा करून तुमच्याशीच लढलो असतो, म्हणाला. मला कुणालाच जिंकता येऊ नये, म्हणून मागत होतो.

शस्त्र मागणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ना शत्रू होता ना रक्षण करायची प्रजा. त्याला फक्त अजिंक्य व्हायचे होते, आणि अजिंक्य होण्याच्या इच्छेला शेवट नसतो. १९८६च्या सुमारास जगातल्या अण्वस्त्रांची संख्या ७०,०००च्या घरात गेली होती. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांकडेच त्यांतली बहुतेक होती. एकमेकांची शहरे कितीतरी वेळा बेचिराख करून उरतील एवढी अस्त्रे कुणाशी लढण्यासाठी होती, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन्ही राजधान्यांत कुणापाशी नव्हते. कृष्णाचा प्रश्न संरक्षण खात्याच्या प्रत्येक मागणीपत्रावर पहिल्या ओळीत छापावा, इतका तो थेट आहे.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. ब्रह्मशिर म्हणजे प्राचीन अणुबॉम्ब, असे सांगणारे लेख आणि भाषणे अधूनमधून कानावर येतात. त्याने ना विज्ञानाचे भले होते ना महाभारताचे. व्यासांचा ग्रंथ यंत्राची कृती सांगत नाही. तो माणूस तपासतो. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, आणि त्याच पुण्यात पाषाणला आणि दिघीला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत. या दोन जगांत जाण्यायेण्याची वाट असायला हवी, पण ती प्राचीन विमानांच्या गोष्टींतून जात नाही.

मूळ प्रसंग असा. युद्धाची शेवटची रात्र. अश्वत्थाम्याने झोपलेल्या छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारले. सकाळी भीम त्याच्या मागावर निघाला, पाठोपाठ कृष्ण, युधिष्ठिर आणि अर्जुन. गंगेच्या काठी, व्यासांच्या जवळ, अंगाला तूप फासलेला, दर्भाचे वस्त्र ल्यालेला, धुळीने माखलेला अश्वत्थामा त्यांना दिसला. भीमाला पाहताच त्याची पाचावर धारण बसली. त्याने डाव्या हाताने गवताची एक काडी उचलली आणि पांडवांचा नायनाट होवो, असे म्हणून तिच्यावर ब्रह्मशिर योजले.

कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले, पण त्याची रीत पाहण्यासारखी आहे. तो रथातून खाली उतरला. आधी गुरुपुत्राचे, म्हणजे ज्याने नुकतीच आपल्या मुलांची कत्तल केली त्याचे, भले व्हावे असे म्हणाला. मग स्वतःचे आणि भावांचे. देवांना आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार केला, आणि अस्त्राने अस्त्र शांत व्हावे एवढीच इच्छा धरून बाण सोडला. आजच्या भाषेत बोलायचे तर येणारे क्षेपणास्त्र हवेतच अडवण्याचा हा उपाय. त्यात आक्रमण नव्हते, राग नव्हता, सूड नव्हता.

आणि तरीही नारद आणि व्यास मध्ये येऊन उभे राहिले ते दोन्ही अस्त्रांच्या. त्यांनी दोघांनाही अस्त्र मागे घ्यायला सांगितले. कोणी आधी सोडले, कोणाची बाजू न्यायाची, हा हिशेब त्यांनी त्या क्षणी मांडला नाही. जिथे ब्रह्मशिराला दुसऱ्या मोठ्या अस्त्राने अडवले जाते, त्या प्रदेशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असे व्यास पुढे सांगतात. अडवणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी दुष्काळ त्या मुलखातल्या शेतकऱ्याच्याच वाट्याला येतो. न्याय्य संरक्षणाचीही किंमत असते आणि ती बहुधा लढणाऱ्यांच्या बाहेरचे कोणीतरी मोजते, ही गोष्ट महाभारताने सज्जनाच्या बाबतीतही सोडलेली नाही.

अर्जुनाने आधी मागे घेतले. समोरच्याचे अस्त्र अजून पेटलेले होते, आपले मागे घेतले तर आपण सगळे जळून जाऊ अशी भीती त्याने बोलून दाखवली, आणि तरी घेतले. हे मागे घेणे देवांनाही कठीण, असे ग्रंथ सांगतो. ज्याच्या अंगी व्रत आणि संयम नाही त्याने तसा प्रयत्न केला, तर ते अस्त्र त्याचेच मस्तक उडवते. अश्वत्थाम्याला ते जमले नाही. त्याने व्यासांपुढे कबुली दिली, की हे मी जीव वाचवण्यासाठी, भीमाच्या भयाने सोडले; आता मला ते परत घेता येत नाही. मग त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवले. उत्तरेच्या पोटातला परीक्षित, ज्याने अजून जग पाहिले नव्हते, तो त्याचे लक्ष्य झाला. हिरोशिमात आईच्या पोटात असताना किरणोत्सर्ग झेललेली काही मुले लहान डोक्याची, मंदबुद्धीची जन्मली. महाभारतातल्या कथेला त्या मुलांनी खरे ठरवण्याची गरज नव्हती, पण भयाने सोडलेले अस्त्र कुठवर जाते ते त्यांच्यावरून दिसले.

भय हा या कथेतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. अश्वत्थाम्याच्या मस्तकावर जन्मापासून एक मणी होता. तो अंगावर असेल त्याला शस्त्राचे, रोगाचे, भुकेचे, देवदानवांचे, चोराचे भय उरत नाही, असे तो स्वतःच सांगतो. म्हणजे त्या रणांगणावर ज्याच्यापाशी सर्वांत पक्के संरक्षण होते, तोच सर्वांत घाबरलेला होता, आणि जगाला धोका झाला तो त्याच्याकडून. संरक्षणाची साधने वाढली की भय आपोआप कमी होते, हे गृहीत धरूनच सगळी खर्चाची पत्रके तयार होतात. महाभारताला ते मान्य नाही.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा यांच्यावर लिहिलेल्या प्रकरणाला ‘परधर्मो भयावहः’ असे नाव दिले आणि आपला मार्ग सोडून शस्त्राच्या मागे लागलेल्या बापलेकांची शोकांतिका त्यात उलगडली. विसाव्या शतकात शस्त्रांचा प्रश्न कोणत्याही एका वर्णाचा उरला नाही, पण बाईंनी बोट ठेवलेली जागा बरोबर होती. शस्त्राबरोबर शिस्त येत नाही. ती आधी असावी लागते.

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात अस्तंबा नावाचे शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत हजारो आदिवासी भाविक तिथे चढून जातात, आणि त्या शिखराचा देव म्हणजे अश्वत्थामा. मस्तकावरचा तो मणी गेल्यावर उरलेल्या जखमेवर लावायला तेल मागत रानोमाळ भटकणारा अश्वत्थामा मराठी मुलुखात आजही लोकांच्या बोलण्यात आहे. शिक्षा होऊनही न मेलेल्या या माणसाला लोकांनी डोंगरावर जागा दिली, यात करुणा आहे. ती त्याच्या अपराधाला विसरून आलेली नाही.

भय आणि शिस्तीचा हाच प्रश्न घेऊन आता २६ सप्टेंबर १९८३च्या रात्रीकडे यायला हवे. मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ या भूमिगत ठाण्यात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह पाळीवर होते. वय ४४. सोव्हिएत उपग्रहांची नवी इशाराव्यवस्था त्यांच्यासमोर होती. मध्यरात्रीनंतर पडद्यावर अक्षरे पेटली, भोंगा वाजला: अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटले. मग आणखी चार. यंत्र खात्री देत होते. जेमतेम २५ दिवसांपूर्वी सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ माणसे मारली होती, दोन्ही देश एकमेकांवर डोळे वटारून होते. पेत्रोव्ह यांच्यापुढे बटण नव्हते; त्यांनी फक्त वर कळवायचे होते. पण वर जे कळेल त्यावर पुढचा निर्णय काही मिनिटांत होणार होता. त्यांनी कळवले की हा इशारा खोटा आहे. पाच क्षेपणास्त्रांनी कोणी महायुद्ध सुरू करत नाही, हा त्यांचा तर्क. उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने ज्वाळा समजला होता, हे नंतर उघड झाले. नोंदवही नीट भरली नाही म्हणून पेत्रोव्ह यांना बोलणी बसली. मरेपर्यंत, म्हणजे २०१७पर्यंत, आपण वीर नसून फक्त त्या जागी होतो, अशीच त्यांची भूमिका होती.

ही गोष्ट आता पुष्कळांना माहीत झाली आहे, आणि ती सांगून माणूस यंत्रापेक्षा शहाणा असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धवट आहे. ३ जुलै १९८८ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेवर त्या काळची सर्वांत प्रगत संरक्षणयंत्रणा होती, एजिस. नौका इराणी गनबोटींशी चकमकीत गुंतलेली. बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे विमान वर चढत होते, आणि यंत्राच्या नोंदीतही ते चढतच होते. पण नियंत्रणकक्षातल्या खलाशांनी ते खाली येत असल्याचे, आपल्यावर झेपावत असल्याचे सांगितले. क्षेपणास्त्रे सुटली. २९० प्रवासी आणि कर्मचारी मारले गेले, त्यांत ६६ मुले होती. अमेरिकी नौदलाच्या चौकशीत कारण निघाले ते ताणाखाली मनाने केलेली फसगत.

एका ठिकाणी यंत्र चुकले आणि माणसाने वाचवले. दुसऱ्या ठिकाणी यंत्र बरोबर होते आणि घाबरलेल्या माणसाने चढते विमान उतरते पाहिले. म्हणून व्यवस्थेत माणूस ठेवला की काम झाले, असे होत नाही. द्रोणांनी ओळखलेली गोष्ट पुन्हा समोर येते: त्या खुर्चीत कोण बसला आहे, त्याच्या मनाची तयारी काय, आणि थांबायला त्याला किती वेळ दिला आहे. पेत्रोव्ह यांच्या हाती काही मिनिटे होती. व्हिन्सेन्सवर उड्डाणापासून माऱ्यापर्यंतचा सगळा काळ सात मिनिटांच्या आसपास होता. २३ मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या पॅट्रियट तोफखान्याने मित्रदेश ब्रिटनचे टोर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले, विमानातले दोघेही गेले. तिथे विचाराला मिनिटभरच मिळाले होते. संरक्षणव्यवस्था जितकी वेगवान होत जाते तितका हा वेळ आटत जातो, आणि वेळ आटला की उरते ते फक्त भय.

मागे घेण्याची सोय यंत्रात का ठेवत नाहीत, यालाही कारण आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. चाचणीच्या क्षेपणास्त्रात ते हवेतच नष्ट करण्याची यंत्रणा असते. युद्धासाठी ठेवलेल्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांत ती सहसा नसते, कारण तो संकेत शत्रूच्या हाती लागला तर सगळी संरक्षणफळी एका क्षणात निकामी होईल. त्यामुळे साऱ्या दक्षता उड्डाणाच्या आधी घ्याव्या लागतात. जानेवारी १९६१मध्ये अमेरिकेत गोल्ड्सबरोजवळ बी-५२ विमान तुटून दोन हायड्रोजन बॉम्ब जमिनीवर आले आणि त्यांतल्या एकाचा स्फोट एका साध्या स्विचमुळे टळला. पुढच्याच वर्षी केनेडींनी युरोपातल्या अण्वस्त्रांवर सांकेतिक कुलुपे बसवण्याचा आदेश दिला. सोव्हिएत संघाने १९८५मध्ये सगळे नेतृत्व मेले तरी प्रतिहल्ला सुटेल अशी ‘पेरिमीटर’ नावाची व्यवस्था कार्यान्वित केली. ती पूर्णपणे यंत्राच्या हवाली करण्याचाही विचार झाला होता. शेवटी खोल भुयारात काही अधिकारी ठेवण्यात आले. जगाचा शेवट यंत्रावर सोपवताना त्यांचाही हात अडखळला.

भारताला हा प्रश्न परका नाही. ९ मार्च २०२२ रोजी नेहमीच्या देखभालीच्या वेळी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कोणी दगावले नाही. ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही म्हणून ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये त्या काही मिनिटांत कोणीही घाईचा निर्णय घेतला नाही, हे दोघांचेही नशीब. पण सुटलेले परत घेता येत नव्हते, हे त्या दिवशी दिल्लीतल्या प्रत्येकाला कळले असणार.

याच भारताने ४ जानेवारी २००३ रोजी अण्वस्त्र आधी न वापरण्याचे धोरण जाहीर केले आणि प्रतिहल्ल्याचा आदेश फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषद देईल, असे ठरवले. द्रोणांनी अस्त्र देताना जे बजावले होते त्याच्या जवळ जाणारे हे धोरण आहे. ते दुबळेपणाचे म्हणून अधूनमधून टीका होते. अर्जुन दुबळा नव्हता. वनपर्वात तो दिव्य अस्त्रे मिळवून परतला, तेव्हा युधिष्ठिराच्या आग्रहावरून त्यांचे प्रात्यक्षिक दाखवायला निघाला. पृथ्वी थरथरू लागली, आणि नारदाने येऊन त्याला थांबवले: समोर लक्ष्य नसताना ही अस्त्रे चालवायची नसतात. अर्जुनाने ऐकले. सामर्थ्य असून थांबता आले, म्हणूनच तो ब्रह्मशिराला पात्र ठरला.

लक्ष्य स्वतः शोधून, माणसाला न विचारता मारा करणारी शस्त्रे आता प्रयोगशाळेबाहेर आली आहेत. त्यांच्यावर जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाची औपचारिक चर्चा सुरू झाली, तेव्हा २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे अध्यक्षपद भारताच्या राजदूताकडे होते. डिसेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांची काळजी व्यक्त करणारा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात पडलेल्या चार मतांत भारताचे मत होते. ही चर्चा जिनिव्हातच व्हावी, ही भारताची भूमिका. व्यासपीठाबद्दलचा हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण मग जिनिव्हात भारताने स्वतःची अट मांडायला हवी: जे शस्त्र वापरणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत थांबवता येत नाही, ते भारत बनवणार नाही आणि विकतही घेणार नाही. महाभारत ज्यांच्या घरात आहे त्यांनी आपल्या खासदाराला, आपल्या सरकारला हे विचारावे. शस्त्र कुणाशी लढायला हवे आहे, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे, आणि ते परत कसे घेणार, हे विचारण्याचाही.